ठोके १८० वर, पण ईसीजी नॉर्मल? (हृदयाची जलद गती: कारणं, निदान, उपचार)

कॅथलॅबकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

नाशिककडच्या एका हृदयरुग्णालयात कॅथलॅबमध्ये (हृदयात बारीक तारा-नळ्या घालून तपासणी-उपचार करायची खोली) टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे इथे कुणाला गोळी सुचवणार नाही. पण एका प्रकारच्या पेशंटबद्दल लिहावं असं कधीपासून मनात होतं.

बहुतेक वेळा बाई असते, तिशी-चाळिशीतली. पिशवीत जाडजूड फाइल. ईसीजीची चळत, सगळे नॉर्मल. टूडी एको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, आणि सगळ्यात वर कुणीतरी लिहून दिलेली टेन्शनची गोळी. तक्रार एकच: भाकरी थापताना, बसमध्ये, कधी नुसतं वाकून उठल्यावर ठोके एकदम पळायला लागतात. कधी दहा मिनिटं, कधी तास-दोन तास. मग खटकन बंद. दवाखान्यात पोचून नंबर लागेपर्यंत नाडी ८०. घरचे म्हणतात, मनाला लावून घेते.

अशा फाइलमधला नॉर्मल ईसीजी एवढंच सांगतो की तो काढला त्या दहा सेकंदांत ठोके ठीक होते. आजार पकडायचा तर ठोके पळत असतानाचा कागद लागतो. तो नसेल तर बाकीच्या चाचण्यांनी फाइल फुगते, निदान होत नाही.

आता थोडं मुळापासून. मोठ्या माणसाचे बसल्या जागी मिनिटाला ६० ते १०० ठोके. शंभरच्या वर गेले की त्याला टॅकिकार्डिया म्हणतात. पण यातला मोठा भाग आजारच नसतो. ताप आला की दर एक अंश सेल्सियसला साधारण दहाएक ठोके वाढतात. हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड जास्त, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं, गरोदरपण, दम्याचा पंप, डेरिफायलिन, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, कडक कॉफी, एनर्जी ड्रिंक, थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त. या सगळ्यांत हृदय वरून आलेला हुकूम पाळत असतं. त्याला सायनस टॅकिकार्डिया म्हणतात. ठोके हळूहळू चढतात, हळूहळू उतरतात. इथे ठोके कमी करायची गोळी मागू नका, कारण शोधा. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत पहिली शंका हिमोग्लोबिनची घ्यावी असं माझं मत.

फाइलवाल्या बाईचं वेगळं असतं. तिच्यात ठोके उजव्या कप्प्यातल्या नेहमीच्या जागेवरून निघतच नाहीत. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड असतो, विजेचा संदेश तिथून खाली उतरतो. काही माणसांत तिथे एकाऐवजी दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. एखादा अवेळी आलेला ठोका संथ वाटेने उतरतो, जलद वाटेने परत वर चढतो, पुन्हा खाली, पुन्हा वर. रानात चकवा लागलेला माणूस फिरतो तसा. प्रत्येक फेरीला हृदयाचा एक ठोका, म्हणून मिनिटाला १५० ते २२०. याचं नाव एव्हीएनआरटी, आणि हा बायकांत जास्त दिसतो. काहींना जन्मतःच वरच्या-खालच्या कप्प्यांत एक जादा तार असते, तिच्यातून फेरा बसतो तो एव्हीआरटी. या सगळ्या गोतावळ्याला मिळून एसव्हीटी म्हणतात.

ज्यांना कागद वाचायची हौस आहे त्यांच्यासाठी: ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो, म्हणजे पाच मिमीची एक मोठी चौकट ०.२ सेकंदाची. दोन उंच टोकांमध्ये किती मोठ्या चौकटी ते मोजा आणि ३०० ला त्याने भागा. दोन चौकटी असतील तर १५०, दीड असेल तर २००. टोकं बारीक, म्हणजे तीन लहान चौकटींपेक्षा अरुंद असतील तर दोष बहुधा वरच्या भागातला. रुंद असतील तर मामला वेगळा, त्यावर गप्पा मारत बसू नये.

झटका चालू असतानाच पेशंट आमच्याकडे आला तर आधी जोर लावून फुंकायला लावतात (हे खाली कुणी विचारलं तर नीट सांगतो). त्याने नाही थांबलं तर अॅडिनोसिन. हे इंजेक्शन देणं बघण्यासारखं असतं. कोपराजवळची जाड शीर धरायची, ६ मिलिग्रॅम झटक्यात ढकलायचं, पाठोपाठ लगेच सलाइनची मोठी सिरिंज रिकामी करायची आणि हात वर उचलायचा. औषधाचं अर्धं आयुष्य दहा सेकंदांपेक्षा कमी, रेंगाळलात तर ते हृदयापर्यंत पोचेतो संपलेलं असतं. पोचलं की मॉनिटरवर काही सेकंद सरळ रेषा. पेशंटला छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, 'मी चाललो' असं वाटतं. म्हणून आमच्या सिस्टर आधी कानात सांगून ठेवतात, 'घाण वाटेल, पण पंधरा-वीस सेकंदच.' नातेवाइकांना तेवढ्यापुरतं पडद्याबाहेर काढतात. मग दोन-तीन वेडेवाकडे ठोके आणि नाडी ८५. नाही थांबलं तर १२ मिलिग्रॅम. मशीन हा सगळा वेळ कागद ओकत असतं, तो कागद फेकू देऊ नका. तोच तुमचा पुरावा.

सध्या एवढंच. अब्लेशनवर (फेऱ्याची वाट आतून जाळून बंद करणं) प्रतिसादांत बोलू.

शेवंती_७७

वाचतेय. फाइलवाली बाई मीच आहे हो!

मलाही 'पॅनिक अटॅक' सांगितलाय. गोळी घेतली की झोप येते, पण ठोके पळायचे तेव्हा पळतातच. दोन्हींतला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा? घाबरायला तर मलाही होतंच की.

कोकणी_फिजिशियन

शेवंतीताई, १८० ठोके पडत असताना कुणीही घाबरेल. विचारायचं ते हे की आधी काय आलं, भीती की ठोके. आणखी काही खुणा आहेत. एक, बटण दाबल्यासारखी सुरुवात आणि तसाच शेवट. पॅनिकमध्ये चढ-उतार असतो. दोन, गळ्याशी धपधप, कधीकधी आरशातही दिसते. एव्हीएनआरटीमध्ये वरचा आणि खालचा कप्पा जवळपास एकाच वेळी आकुंचन पावतो, वरच्या कप्प्यातलं रक्त बंद झडपेवर आपटून मानेच्या शिरांत उलटं जातं, त्यामुळे हे होतं. तीन, झटका ओसरल्यावर भरपूर, पाण्यासारखी लघवी. वरचा कप्पा ताणला गेला की एक संप्रेरक सुटतं, त्याचा हा परिणाम. हा तिसरा प्रश्न पेशंटला विचारला की 'तुम्हाला कसं कळलं' असा चेहरा होतो. चार, ठोके मोजून बघा. नुसत्या काळजीने बसल्या जागी ठोके १९० होत नाहीत.

पॅनिक अटॅक खोटे असतात असं यातून कुणी काढू नये. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. पण कागद हातात आल्याशिवाय 'टेन्शन' हा शिक्का मारू नये, याबाबत धागाकर्त्याला पूर्ण अनुमोदन.

आबा_सातारकर

आमच्या लहानपणी असं झालं की थोरले लोक डोळे मिटवून बोटांनी बुबुळं दाबायचे. थंड पाण्यात तोंड बुडवायचे. दोन्हींनी ठोके खाली आलेले पाहिलेत. आताच्या पोरांना सगळ्याला मशीन लागतं.

कोकणी_फिजिशियन

आबा, थंड पाण्याचं बरोबर आहे. तोंडाला गार पाणी लागलं की व्हेगस नावाची नस जागी होते आणि ठोक्यांना लगाम बसतो. तान्ह्या बाळांत तर डॉक्टरसुद्धा बर्फाच्या पाण्याची पिशवी क्षणभर चेहऱ्यावर ठेवतात (घरी कुणी करू नये). बुबुळं दाबणं मात्र आता कुणीही करू नका. दाबाने नसच उत्तेजित होते हे खरं, पण पडदा सुटून दृष्टी गेली तर ठोक्यांचं काय घेऊन बसलात. मानेची धमनी चोळणं हेही घरी नको. वय झालेल्यांत तिथे चरबीचा थर असेल तर तुकडा सुटून मेंदूत जायची भीती असते.

आबा_सातारकर

बरं. डोळ्यांचं मागे घेतो, पाण्याचं नाही.

ट्रेंटनहून_माधव

छान धागा. वाचनखूण साठवली आहे.

इकडे न्यूजर्सीत माझा कागद मनगटावरच्या घड्याळाने मिळाला. झटका आला की त्याच्या खुंटीवर दुसऱ्या हाताचं बोट ३० सेकंद ठेवायचं, एका लीडची पट्टी निघते. एक सूचना: ठोके दीडशेच्या वर गेले की घड्याळ बहुधा 'निष्कर्ष काढता येत नाही' म्हणून हात वर करतं. ते एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे वरच्या कप्प्याची अनियमित थरथर) शोधायला केलेलं आहे, एसव्हीटीचं नाव ते घेणारच नाही. पण पट्टी जपून राहते. पीडीएफ डॉक्टरांना दाखवली, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. आधी दोन दिवस होल्टर (सतत ईसीजी नोंदवणारं अंगावरचं यंत्र) लावून घेतला होता, त्या दोन दिवसांत हृदय संतासारखं वागलं.

कॅथलॅबकर

माधवराव, होल्टरचं दुखणं तेच. रोज त्रास होत असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर भरपूर झाला. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होत असेल तर होल्टर म्हणजे नुसतं पट्टे चिकटवून खाज सुटणं. मग आठवडाभराचे पॅच, किंवा चक्कर येऊन पडणाऱ्यांसाठी कातडीखाली बसवायचा बोटभर लूप रेकॉर्डर, जो वर्षानुवर्षं टिकतो.

घड्याळ नसेल तर दुसरा मार्ग. घराजवळ ईसीजी मशीन असलेला दवाखाना आधीच हेरून ठेवा, तिथल्या सिस्टरशी बोलून ठेवा: 'मी पळत येईन तेव्हा केसपेपर नंतर, आधी ईसीजी.' मोठ्या रुग्णालयाच्या नादात तासभर रिक्षात बसण्यापेक्षा गल्लीतला बारा लीडचा ईसीजी शंभर पटीने बरा.

सह्यकडा

सगळं ठीक, पण शेवटी गाडी अब्लेशनच्या स्टेशनवरच येणार ना? वर्षातून दोनदा धडधडणाऱ्या माणसाच्या हृदयात तारा घालून जाळायचं, हे मला पटत नाही. मेटोप्रोलॉल, व्हेरापामिल अशा ठोके कमी करायच्या गोळ्या पडून आहेत की. माझ्या ओळखीत एकाचं करून बिल भरताना घर टांगणीला लागलं.

कॅथलॅबकर

शंका रास्त आहे. वर्षातून दोनदा होत असेल आणि फुंकून थांबत असेल तर काहीच न करणं हाही मान्य पर्याय आहे, आमचे डॉक्टरही तसं सांगून परत पाठवतात. गोळ्यांनी झटके कमी होतात, पण फेऱ्याची वाट तशीच राहते, आणि तिशीतल्या माणसाने जन्मभर गोळी खायची का हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

अब्लेशनबद्दल मात्र भीती जरा जास्त आहे. १९६८ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात एका मच्छीमाराची छाती उघडून जादा तार कापली होती. १९८२ च्या सुमारास कॅथेटरमधून थेट विजेचा झटका देऊन जाळू लागले, ते प्रकरण दांडगट होतं. रेडिओफ्रिक्वेन्सी आली तेव्हापासून, म्हणजे १९९० च्या आसपासपासून, हे काम जांघेतल्या शिरेतून होतं. जागा बधिर करतात, पेशंट बहुतेक वेळा जागाच असतो. आधी ईपी स्टडी: आतल्या तारांतून आम्हीच बारीक ठोके देऊन झटका मुद्दाम चालू करतो. पेशंट टेबलावरून म्हणतो, 'हेच, हेच ते!' मग संथ वाटेवर कॅथेटरचं टोक टेकवून साधारण ५०-६० अंशांपर्यंत तापवतात. जाळताना मॉनिटरवर ठराविक तऱ्हेचे ठोके उमटू लागले की जागा बरोबर, आणि त्याच वेळी वरचा-खालचा मेळ सुटतोय असं दिसलं तर त्या क्षणी पाय पेडलवरून काढायचा. हाच एक खरा धोका: जवळची मुख्य वाट जळली तर पेसमेकर लागतो. हे शंभरात एकापेक्षा कमी जणांना होतं. एव्हीएनआरटीत यश शंभरात ९५ च्या वर. नंतर अर्धा तास थांबून झटका पुन्हा आणायचा प्रयत्न करतात, आला नाही तरच तारा बाहेर. मग काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, बायकांना कंटाळा येतो तो त्याचाच.

पैशांचं म्हणाल तर साध्या एव्हीएनआरटीला थ्रीडी मॅपिंग दर वेळी लागतंच असं नाही, आणि बिल त्यानेच फुगतं. का लागणार आहे हे आधी विचारा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपली प्रोसिजर बसते का आणि ते रुग्णालय योजनेत आहे का, हे भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राकडून पक्कं करून घ्या.

कोकणी_फिजिशियन

यात एक भर, आणि ही महत्त्वाची. ज्यांच्या एरवीच्या ईसीजीतही जादा तार दिसते (डब्ल्यूपीडब्ल्यू, १९३० साली वर्णन झालेला प्रकार), त्यांना 'गोळीवर भागवू' हा सल्ला सरसकट लागू होत नाही. अशा माणसाला एएफ झालं तर त्या तारेतून बेफाम ठोके खाली उतरतात, आणि अशा वेळी व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन दिलं तर जीवावर बेतू शकतं. सह्यकडा, ओळखीच्या माणसाची उरलेली गोळ्यांची पट्टी दुसऱ्याने घ्यायची नाही ती यासाठी.

आणि दमेकऱ्यांनी अॅडिनोसिनआधी दमा आहे हे ओरडून सांगावं. डेरिफायलिन चालू असेल तर तेही सांगावं, त्याने अॅडिनोसिन बोथट होतं.

सह्यकडा

हे माहीत नव्हतं. त्या मित्राच्या कागदांवर डब्ल्यूपीडब्ल्यूच लिहिलेलं आहे. तरी बिलाबद्दलचं माझं मत कायम.

वांगणीकर

वडील ६८ वर्षांचे, सहा वर्षांपूर्वी हार्ट अटॅक, पंपिंग ३०%. परवा धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, पाच मिनिटांत बरं वाटलं. त्यांना ते फुंकायचं शिकवू का?

कोकणी_फिजिशियन

वांगणीकर, नाही. त्यांना आजच कार्डिऑलॉजिस्टकडे न्या, उद्यावर टाकू नका.

वर जी चर्चा चाललीय ती धडधाकट हृदयाची. जुन्या अटॅकचा व्रण असलेल्या हृदयात खालच्या कप्प्यातून निघणारा टॅकिकार्डिया (व्हीटी) होतो, ईसीजीत टोकं रुंद दिसतात. अटॅक येऊन गेलेला माणूस आणि रुंद टोकं हे एकत्र आलं की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत व्हीटीच धरायचा. तो बिघडून फिब्रिलेशन झालं तर हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. वडील पुन्हा कोसळले, हाक मारून ओ देत नाहीत आणि श्वास नीट नाही असं झालं तर १०८ ला फोन आणि लगेच छातीच्या मध्यावर दाब, मिनिटाला १०० ते १२०. पंपिंग ३५ किंवा त्याखाली असणाऱ्यांना आयसीडीबद्दल डॉक्टर बोलतात. झटका येताच ते यंत्र आतूनच शॉक देतं. त्याबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा. पोटॅशियम-मॅग्नेशियमही तपासून घ्या, लघवीच्या गोळ्यांवर असतील तर नक्कीच.

वांगणीकर

निघतोय.

माईची_लेक

आईला (७१) एएफ आहे. ठोके गोळीने ८० वर आलेत, तिला काही त्रास नाही, मग रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर चालेल का? हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ती वैतागलीय. पालेभाजीही बंद केलीय तिची.

कोकणी_फिजिशियन

माईंची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. एएफमध्ये ठोक्यांपेक्षा गुठळीची भीती मोठी. वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, रक्त साचतं, गुठळी सुटून मेंदूत गेली की लकवा. एएफ असणाऱ्यांत हा धोका साधारण पाच पट. ठोके ताब्यात आले म्हणून तो जात नाही. अॅस्पिरिन हा त्याला पर्याय नव्हे.

माईंना लहानपणी सांधेदुखीचा ताप आणि मायट्रल झडप अरुंद, असा इतिहास आहे का? आमच्याकडे असे पेशंट अजून पुष्कळ. त्यांना नव्या गोळ्यांपेक्षा अॅसिट्रोम-वॉरफरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळीच बरी, २०२२ च्या मोठ्या अभ्यासातही तसंच दिसलं. ती गोळी असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) २ ते ३ मध्ये हवा. हिरड्यांतून रक्त येतंय म्हणजे आयएनआर तातडीने बघा. पालेभाजी बंद करायची गरज नाही, फक्त एक आठवडा रोज पालक आणि पुढचा आठवडा काहीच नाही असं करू नये.

अवांतर: ठोके पळवणाऱ्यांच्या यादीत आमच्या भागात विंचूही येतो. लाल विंचू चावला की घाम, उलट्या, गार हातपाय आणि धावती नाडी, पुढे फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्याआधी माणसं हातची जायची. तिथे ठोके कमी करायची गोळी देत बसणं म्हणजे मूळ दुखणं सोडून देणं.

ट्रेंटनहून_माधव

विंचवाचं वाचून थक्क. डॉक्टर, यावर वेगळा धागा काढाच.

शेवंती_७७

कॅथलॅबकर, ते फुंकायचं राहिलंच. डॉक्टरांकडे जाईनच, पण तोवर?

कॅथलॅबकर

आधी अट: छातीत दुखणं, धाप, अंधारी यांतलं काही असेल तर हे करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. हृदयाचा जुना आजार असणाऱ्यांनीही नाही.

पलंगावर पाठीला उशा लावून अर्धवट बसा. औषधाच्या दुकानातून नवी सिरिंज, सुई काढलेली. तोंडात धरून दांडा जेमतेम हलेल एवढ्या जोराने १५ सेकंद फुंका. संपताक्षणी कुणीतरी तुम्हाला सपाट आडवं करायचं आणि दोन्ही पाय ४५ अंशांत उचलून १५ सेकंद धरायचे. मग पुन्हा पहिल्यासारखं बसा आणि मिनिटभर वाट बघा. २०१५ साली लॅन्सेटमध्ये इंग्लंडमधला अभ्यास आला होता: नुसतं फुंकून १७% जणांचे ठोके जाग्यावर आले, पाय उचलल्यावर ४३%. पैसे शून्य. दुसऱ्यांदाही थांबलं नाही तर रिक्षा बोलवा, आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य: ईसीजी काढा.

शेवंती_७७

सिरिंज किती मिलीची?

कॅथलॅबकर

दहा. नवी सिरिंज घट्ट असते, एकदा दांडा हाताने मागेपुढे करून घ्या.